फरक स्पष्ट करा : नवशिक्या शिक्षकांसाठी सोपी कृती

साहित्य : चौथीतली पंधरा मुलं, पाण्याच्या बाटल्या, एक पट्टी आणि दिल्लीतलं हिंदूराव इस्पितळ. माकडं न्यावी लागत नाहीत, ती तिथल्या टेकडीवर, म्हणजे रिजवर, असतातच.

पायरी १. पट्टी पिशवीतून काढू नका. ती हाती आली की पोरं वहीवर मधोमध उभी रेघ मारतात. मग डावीकडे 'डोंगर उंच असतो', उजवीकडे 'दरी उंच नसते'. दोन गुण! हा आजार आपल्यालाही झाला होता. गुण मिळत गेले म्हणून कुणी औषध दिलं नाही.

पायरी २. इस्पितळाजवळचा अशोकस्तंभ दाखवा. मग मेट्रोने फिरोजशहा कोटल्याला जा, तिथला दुसरा दाखवा. मुलं ओरडतील, "तो मोडका, हा अख्खा!" शाबासकी द्या, गुण राखून ठेवा. आधी सारखेपणा विचारा. दोन्ही अशोकाचे. दोन्ही चौदाव्या शतकात फिरोजशहा तुघलकाने दिल्लीत आणलेले. एक मेरठहून, एक टोपऱ्याहून. टोपऱ्याच्या खांबासाठी बेचाळीस चाकांचा गाडा केला होता, असं इतिहासकार अफीफ लिहितो. (इथे गाडा काढू द्या. चाकं मोजण्यात दहा मिनिटं जातात, तेवढी विश्रांती घ्या.) काहीच सारखं नसेल तर तुलना कसली? खांब आणि बटाटेवडा यांच्यात शंभर फरक निघतात, कामाचा एकही नाही.

पायरी ३. फरक सापडला की मुलं पेन्सिल खाली ठेवतात. नेमकं तेव्हाच "का?" विचारा. इस्पितळाजवळचा मेरठचा खांब मुघल बादशहा फर्रुखसियरच्या काळात (१७१३–१९) दारूगोळ्याच्या स्फोटात पडला, त्याचे पाच तुकडे झाले. १८६७ मध्ये ते जोडून तो पुन्हा उभारला. हुशार मुलांसाठी जादा फरक : अशोकाच्या स्तंभलेखांपैकी सातवा लेख फक्त टोपऱ्याच्या खांबावर आहे.

पायरी ४. परत इस्पितळापाशी या. "सर, हिंदूराव डॉक्टर होते का?" हा प्रश्न येणारच. नव्हते. ते कागलचे घाटगे, ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांचे भाऊ. इथली कोठी बांधली विल्यम फ्रेझर या कंपनी सरकारच्या अधिकाऱ्याने. १८३५ मध्ये त्याचा खून झाला, पुढे ती हिंदूरावांनी घेतली. कुणी 'फ्रेझर इंग्रज होता, हिंदूराव इंग्रज नव्हते' असं लिहिलं, तर त्याने घरून पट्टी आणली आहे. जप्त करा. दोघं एकाच घराचे मालक. मग बांधणाऱ्याचं नाव पुसलं आणि विकत घेणाऱ्याचं केसपेपरवर उरलं, ते का? एवढंच विचारा आणि गप्प बसा. गप्प बसणं नवशिक्यांना जड जातं.

पायरी ५. थोडं पुढे अजितगड. १८५७ मध्ये इंग्रजांच्या बाजूने लढलेल्यांचं हे स्मारक, १८६३ चं. त्यावरच्या जुन्या लेखांत 'शत्रू' हा शब्द आहे. १९७२ मध्ये लावलेली पाटी सांगते, हे 'शत्रू' म्हणजे परकी सत्तेविरुद्ध उठलेले स्वातंत्र्याचे लढवय्ये. विचारा : स्मारक एक, माणसं तीच, मग फरक कशात?

एखादं पोर म्हणेल, "लिहिणाऱ्यात."

त्याच्या वहीत मधली रेघ नसेल. रेघेचा अर्धा गुण कापायचा नियम आहे. वरून विचारणा झाली तर सांगा, त्या दिवशी पट्टी माकडाने नेली.