कार्ट्रिजबदलू

कार्ट्रिजबदलू हा पिंपरी-चिंचवडपासून भोसरी-मोशीमार्गे चाकणपर्यंतच्या औद्योगिक पट्ट्यात आढळणारा गृहस्थ होय. पक्षबदलूशी त्याचे साम्य शब्दापुरतेच. पक्षबदलूला बदलानंतर काहीतरी मिळते. वय साधारण पंचेचाळीस ते सत्तर. नोकरी टूलरूममध्ये, क्वालिटीत किंवा मेन्टेनन्सला. परचेसमधला माणूस या छंदात सहसा टिकत नाही, कारण तो सवयीने तीन कोटेशने मागवतो आणि तिसरे येईपर्यंत त्याची हौस विरते. घर प्राधिकरणात, चिंचवडगावात किंवा अलीकडे मोशी-रावेतच्या एखाद्या अकरा मजली सोसायटीत. हॉलमध्ये टीव्हीहून मानाच्या जागी रेकॉर्ड प्लेअर असतो. त्याला रेकॉर्ड प्लेअर म्हटलेले मालकाला खपत नाही. तो ‘टर्नटेबल’ म्हणतो आणि पाहुण्यांकडूनही म्हणवून घेतो.

टर्नटेबलच्या दांडीच्या, म्हणजे टोनआर्मच्या, टोकाला जी छोटी डबी दोन स्क्रूंवर लटकलेली असते ती कार्ट्रिज. वजन सहा-सात ग्रॅम. तिच्या पोटातून एक नाजूक काडी बाहेर डोकावते आणि काडीच्या टोकाला हिऱ्याचा कण असतो. रेकॉर्डच्या खाचेत हा हिरा थरथरतो, काडीच्या दुसऱ्या टोकाचे लोहचुंबक हलते, शेजारच्या वेटोळ्यांत चार-पाच मिलिव्होल्ट वीज उमटते आणि तेवढ्या भांडवलावर भीमसेन जोशी हॉलमध्ये येऊन बसतात. जुनी मंडळी या सगळ्या प्रकाराला नुसते ‘पिन’ म्हणत. याच पिनेने मराठीला ‘पिन अडकणे’ हा वाक्प्रचार दिला. कार्ट्रिजबदलूच्या घरात तो हमखास वापरात असतो, आणि रेकॉर्डबद्दल नव्हे.

हा प्राणी याच पट्ट्यात का फोफावला, याचे कारण मापात आहे. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, १९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली, मागोमाग टेल्को, बजाज आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉपे उभी राहिली. पुढे तीच वस्ती चाकणला सरकली. या तीन पिढ्यांत इथल्या माणसाच्या हाडीमाशी मायक्रॉन भिनला. पुण्यातल्या पेठेत ‘केसभर फरक’ म्हणजे फरक नाही. भोसरीत केसभर म्हणजे सत्तर मायक्रॉन, आणि सत्तर मायक्रॉनला जॉब सरळ रिजेक्ट. अशा माणसाला कोणी सांगितले की साध्या गोल हिऱ्याच्या टोकाची त्रिज्या पंधरा मायक्रॉन असते, लंबगोल हिऱ्याची कड सात-आठ आणि मायक्रोलाइन नावाच्या घडणीची जेमतेम तीन, की त्याचे पुढचे आयुष्य ठरून जाते.

त्यात तथ्य नाही असे नाही. एलपी मिनिटाला तेहेतीस आणि एक तृतीयांश फेरे घेते, बाहेरच्या कडेलाही आणि आतल्या लेबलाजवळही. त्यामुळे कडेला खाच हिऱ्याखालून सेकंदाला पन्नास सेंटिमीटर वेगाने सरकते, तर शेवटी शेवटी वीस-एकवीसने. तेवढ्याच सुरांना निम्म्याहून कमी जागा उरते. तिथे दहा हजार कंपनांच्या सुराची एक लाट वीस मायक्रॉनांत कोंबलेली असते. गोल हिरा त्या वळणांत मावत नाही, तो वरून घासत जातो. पाश्चात्त्य वादकांचे यात किती नुकसान होत असेल ते असो, हिंदुस्थानी गायकीचे फार होते. ख्याल विलंबितात सुरू होतो, जिथे खाचेला ऐसपैस जागा आहे. आणि द्रुत ताना नेमक्या तिथे येतात जिथे जागा संपत आलेली असते. अभंगांचेही तेच. हा सारा पट्टा देहू आणि आळंदीच्या मध्ये वसलेला, त्यामुळे घरोघरी अभंगांची एखादी तरी एलपी असतेच, आणि बाजू संपताना गजर वाढला की टाळांचा आवाज तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा येतो. कार्ट्रिजबदलूला आजार जडतो तो बहुधा या टाळांपासून. आधी तो रेकॉर्ड धुतो. मग दुसरी रेकॉर्ड लावून पाहतो. मग रात्री साडेअकराला, घर झोपल्यावर, कॉर्पोरेट ऑडिटच्या सुरात स्वतःशीच म्हणतो, “रूट कॉज कार्ट्रिज आहे.”

घराण्याचा इतिहासही आड येतो. वडिलांनी बोनसमधून घेतलेला एचएमव्हीचा फिएस्टा माळ्यावर असतो. त्यातली सिरॅमिक कार्ट्रिज रेकॉर्डवर पाच-सहा ग्रॅमांनी टेकायची; हल्लीच्या हिऱ्याला दोन ग्रॅम पुरतात, म्हणजे रुपयाच्या नाण्याहूनही कमी. फिएस्टाच्या भाराखाली गीतरामायणाने सोसले ते रामानेही सोसले नसेल. मात्र बारीक घडणीचा हिरा खाचेच्या भिंतीला वेगळ्या, जुन्या सुईने न घासलेल्या उंचीवर टेकतो, आणि कधी कधी जीर्ण रेकॉर्डमधून ताजा आवाज निघतो. ही गोष्ट खरी असल्यामुळे फार महागात पडते.

खरेदीचा क्रम ठरलेला आहे. टर्नटेबलसोबत आलेली कार्ट्रिज सहा महिने चालते. तिला काही झालेले नसते. पण तिला ‘स्टॉक’ म्हणायला सुरुवात होते, जशी मोटरसायकलच्या मूळ सायलेन्सरला म्हणतात. नंतर ऑडिओ-टेक्निकाची व्हीएम ९५ किंवा ऑर्टोफोनची २एम रेड येते. दोन्ही कंपन्यांनी मनुष्यस्वभाव नीट अभ्यासलेला दिसतो. व्हीएम ९५ च्या एकाच डबीला सहा प्रकारचे हिरे बसतात. रेडच्या डबीत ब्लूचा हिरा सरळ सरकतो. म्हणजे माणूस एक वस्तू विकत घेऊन घरी आणतो आणि पायरीवर उभा राहतो, पुढच्या पायऱ्या दिसत असतात. लेथवरच्या इन्सर्टची उपमा इथे उपयोगी पडते. “होल्डर तोच, फक्त टिप बदलली. कन्झ्युमेबल आहे ते,” असे तो घरी सांगतो. हिऱ्याचे आयुष्य पाचशे ते हजार तास धरतात. आठवड्याला दोन तास ऐकणाऱ्या माणसाला एक हिरा पाच ते दहा वर्षे पुरावा. तो चौदाव्या महिन्यात बदलतो, कारण हिशेब त्याने ऐकण्याच्या तासांचा केलेला नसतो, विचार करण्याच्या तासांचा केलेला असतो.

त्यापलीकडे मूव्हिंग कॉइलचा प्रांत सुरू होतो. त्यात चुंबकाऐवजी वेटोळेच हलते, वीज मिलिव्होल्टाच्या तिसऱ्या-चौथ्या हिश्शावर येते, ती मोठी करायला वेगळे यंत्र लागते आणि डेनॉनच्या डीएल-१०३ चे नाव घरात देवघरातल्या नावासारखे घेतले जाते. गंमत अशी की साठच्या दशकापासून बनणाऱ्या या कार्ट्रिजचा हिरा साधा गोल आहे. ज्या गोलपणापासून पळत तो इथवर आला तोच गोलपणा तो आता चौपट भावाने घेतो, आणि विचारले तर सांगतो, “त्यात बॉडी आहे.” शुअर कंपनीने २०१८ मध्ये कार्ट्रिज बनवणे थांबवले, तेव्हापासून या जमातीत शुअर बाळगणारा आणि न बाळगणारा असे दोन वर्ग पडले आहेत. न बाळगणारा दर रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात दिसतो.

माल आणायची जबाबदारी हिंजवडीत नोकरी करणाऱ्या भाच्याची. तो ऑनसाइट जातो आणि परतताना सामानात मामाची काडेपेटीएवढी डबी आणतो. चॉकलेटांची पिशवी चेक-इनला आणि ही डबी हातातल्या बॅगेत, अशी स्पष्ट सूचना असते. भाचा स्वतः ब्लूटूथवर ऐकतो. हा विषय जेवताना काढत नाहीत.

बसवण्याचा दिवस गुरुवार. या पट्ट्यातल्या कितीतरी कारखान्यांची साप्ताहिक सुट्टी गुरुवारी असते. विजेच्या देखभालीचा शटडाउनही गुरुवारीच. म्हणून काम सकाळी, खिडकीच्या उजेडात होते. डायनिंग टेबलावर पांढरी चादर अंथरली जाते, म्हणजे पडलेला स्क्रू दिसावा. स्क्रू अडीच मिलिमीटरचे, कार्ट्रिजच्या मागे चार कोवळ्या पिना, आणि त्यांवर चढवायच्या चार तारा: पांढरी आणि निळी डाव्या कानाची, लाल आणि हिरवी उजव्याची. घरातली पान्ह्यांची पेटी पाच किलोंची असते, पण त्यातले एकही हत्यार इथे चालत नाही. शेवटी बायकोचा भुवयांचा चिमटा लागतो. तो कधीही विचारून घेतलेला नसतो. पोलादी स्क्रूड्रायव्हर जवळ नेला की आतले चुंबक त्याला खेचते आणि टोक थेट काडीकडे झेपावते. ज्याने हे एकदा अनुभवले तो पुढे पितळी हत्यार वापरतो आणि त्या पहिल्या कार्ट्रिजबद्दल बोलत नाही.

मग जुळवणी. हिरा टोनआर्मच्या चापात फिरतो, खाच मात्र सरळ त्रिज्येवर कापलेली. दोघांचे दोनच ठिकाणी तंतोतंत पटते, रूढ बेअरवाल्ड पद्धतीत केंद्रापासून ६६ आणि १२०.९ मिलिमीटरवर. त्यासाठी कागदी साचा लागतो. तो कंपनीच्या प्रिंटरवर काढलेला असतो आणि प्रिंटर दोन टक्के लहान छापतो, हे व्हर्नियर लावल्यावर कळते. साचा पुन्हा छापला जातो. वजनकाटा ०.०१ ग्रॅम दाखवणारा. तीन रीडिंग, त्यांची सरासरी, आणि काट्यावर चिकटवलेला ‘पुढील कॅलिब्रेशन’चा स्टिकर, जो कंपनीत कुणाच्या तरी टेबलावर सहज पडलेला होता. टर्नटेबलखाली स्वयंपाकघराच्या ओट्यातून उरलेला कडप्पा, कडप्प्याखाली रबरी तुकडे, कारण चाकणच्या रस्त्यावरून कंटेनर गेला की वूफरला आधी कळते. वर पाणसळ. बुडबुडा मध्यावर येईपर्यंत घरात कोणी जोरात चालायचे नसते.

दुपारी वीज येते आणि चाचणी सुरू होते. चाचणीच्या रेकॉर्डी ठरलेल्या. ‘श’-‘स’ तपासायला पॉलिडोरने काढलेली ‘शोले’च्या संवादांची एलपी, कारण तिथला प्रत्येक शब्द पाठ आहे आणि बिघाड लपत नाही. टाळांसाठी अभंग. शेवटच्या खाचांसाठी एखादी द्रुत बंदिश, तीही थेट शेवटच्या दोन मिनिटांपासून. विलंबित त्याने गेल्या कित्येक वर्षांत ऐकलेले नाही. रागाचे नाव विचारले तर तो कव्हर उलटून पाहतो. गाणे हा इथे टेस्ट पीस आहे. तो मान डोलावतो ती समेवर नव्हे, तर खरखर जिथे यायची तिथे आली नाही म्हणून.

साक्षीदाराशिवाय निकाल लागत नाही. बायकोला स्वयंपाकघरातून बोलावले जाते, दोन स्पीकरांच्या बरोबर मधल्या खुर्चीत बसवले जाते.

“आता ऐक. काही फरक?”

“छान आहे.”

“छान म्हणजे कुठे? वरच्या पट्टीत की खाली?”

“सगळीकडेच.”

हा शेरा तो वहीत लिहीत नाही. मागच्या कार्ट्रिजलाही तो मिळाला होता, त्याच्या मागच्यालाही. त्याला स्वतःला मात्र कानातला मळ निघाल्यासारखे वाटते. हे वाटणे तीन आठवडे टिकते. चौथ्या आठवड्यात टाळ पुन्हा किंचित चरचरतात, आणि त्याची नजर कार्ट्रिजची वीज मोठी करणाऱ्या फोनो प्रीॲम्पकडे वळते. सिनियर कार्ट्रिजबदलू या अवस्थेला ‘कान बसले’ म्हणतात आणि काही न करता महिनाभर थांबायला सांगतात. सांगणारा स्वतः थांबलेला नसतो.

कार्ट्रिजचे नैसर्गिक मरण झिजून येते, पण त्या मार्गाने फारच थोड्या जातात. बहुतेकींचा शेवट कामाच्या मावशींच्या फडक्यात होतो. फडके प्लेअरवरून फिरते, धागा काडीत अडकतो आणि पंधरा हजारांची वस्तू कमरेतून वाकते. मावशींचा यात काहीही दोष नसतो. झाकण उघडे ठेवणारा साहेबच असतो, आणि धूळ पुसायला सांगणाराही तोच. त्यानंतर हॉलचा तो कोपरा पुसायचे काम त्याच्याकडे येते. तो ते मेकअपच्या ब्रशने करतो. ब्रश कुठून आला, हे चिमट्याच्या ओघात सांगितल्यासारखेच आहे.

उतरवलेली कार्ट्रिज टाकून दिली जात नाही. ती मूळ डबीत परत जाते, वर तारीख आणि अंदाजे तास लिहिले जातात, आणि कपाटाच्या खणात जुन्या मोबाइलांच्या चार्जरांशेजारी ‘स्पेअर’ म्हणून राहते. तिला गिऱ्हाईक मिळते ते शेजारच्या विभागातले. नुकताच टर्नटेबल घेतलेला एखादा ज्युनियर कँटीनमध्ये सहज म्हणतो की टाळ जरा चरचरतात. त्याच गुरुवारी त्याला घरी बोलावून, पोहे खायला घालून, स्पेअर निम्म्या भावात दिली जाते, वर साच्याची एक प्रत फुकट. दोन महिन्यांनी साहेबाचा फोन येतो: नवीशी तुलना करायची आहे, ती जुनी दोन दिवस परत मिळेल का. ज्युनियर नाही म्हणू शकत नाही. त्याने ती नुकतीच बसवलेली असते, चारही तारा पुन्हा सोडवायच्या असतात, आणि तो बायकोच्या ड्रेसिंग टेबलाचा खण हळूच उघडतो.