कमरेला पातं लावून गड चढणाऱ्या महाशयांस अनावृत पत्र

श्रीमान चाकूधर महाशय,

सा. न. वि. वि.

गेल्या हिवाळ्यात हरिश्चंद्रगडावर आपलं दर्शन घडलं. खरं म्हणजे आधी आपल्या चाकूचं घडलं, आपण मागून आलात. सात इंची काळं पातं, त्याच्या पाठीवर करवतीचे दात आणि मांडीला दोन पट्ट्यांनी आवळलेलं म्यान. पाचनईच्या वाटेवर ताकाचा कॅन घेऊन चढणाऱ्या मावशींनी बाजूला होऊन आपल्याला वाट दिली. आदरानं की धास्तीनं, ते कळलं नाही.

आपण घडीचा चाकू आणला नाहीत, याबद्दल मनापासून अभिनंदन. न मिटणाऱ्या पात्याला सांधा नसतो. त्यामुळे ढिला होणारा स्क्रू नाही, चिखल आणि बटाट्याचा लगदा साठायला फट नाही, आणि ऐन जोर देताना पातं बोटांवर मिटण्याची भीती नाही. इथवर आपलं एकमत आहे.

रात्री तंबूबाहेर हेडलॅम्पच्या उजेडात आपण सोबत्यांना ‘फुल टँग’चं माहात्म्य सांगत होतात. पात्याचं पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं हवं, नाहीतर चाकू कुचकामी. अगदी खरं. मात्र हे सांगता सांगता आपण आपल्याच चाकूची मूठ फिरवून उघडलीत आणि आतून काड्या, गळ, सुई-दोरा काढून दाखवलात! मग पोलाद कुठे गेलं, महाराज? हा थाट 1982च्या ‘फर्स्ट ब्लड’ सिनेमातला. त्यातला चाकू अमेरिकेतल्या आर्कान्सासच्या जिमी लाइल यांनी घडवला होता आणि ते कसबी कारागीर होते. त्यांची नक्कल करणारी स्वस्त पिलावळ मात्र नेमकी मुळाशीच मोडते.

आपण ज्याला बुशक्राफ्ट, म्हणजे रानात तगून राहण्याची कला, म्हणता, त्यातली पुष्कळशी चाकूविद्या उत्तरेकडच्या बर्फाळ जंगलांत पिकली. तिथं स्प्रूसचं वाळकं खोड बाहेरून ओलं आणि आतून कोरडं असतं. तो कोरडा गाभा हाती लागावा म्हणून ओंडक्याच्या डोक्यावर पातं टेकवायचं आणि त्याच्या पाठीवर सोट्यानं ठोकायचं. हेच ते ‘बॅटनिंग’. मग गाभ्याचे पातळ सोलपे काढायचे, पण तोडायचे नाहीत, एका टोकाला चिकटलेले ठेवायचे, म्हणजे ठिणगी पटकन धरते. तिथं विस्तव पेटला नाही तर माणूस गारठून मरतो. हा खेळ नव्हे. आणि तरीही कॅनडाच्या मॉर्स कोचान्स्कींनी ‘नॉर्दर्न बुशक्राफ्ट’ या पुस्तकात सर्वसाधारण कामाला तळहाताच्या रुंदीएवढं लांब पातं पुरेसं मानलं. स्वीडनमधल्या मोरा गावचा लोकप्रिय चाकू तर प्लॅस्टिकच्या मुठीचा, दहा सेंटिमीटरच्या आसपास पात्याचा. वर त्याचं पोलाद मुठीत अर्धवटच शिरलेलं. उणे तापमानात एवढ्यावर भागतं. आपल्याला गडावर स्वेटर पुरला होता.

बरं, फोडायचं काय? हरिश्चंद्रगड अभयारण्यात मोडतो. तिथली कारवीची काटकी वाळलेली असली तरी आपली नव्हे. ‘नऊ इंचांच्या आत पातं असलं की चालतं’ असं आपण एकाला छातीठोकपणे सांगितलंत. तो आकडा शस्त्र नियमांतला. वनरक्षकाकडे दुसरं पुस्तक असतं. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात शस्त्र न्यायला लेखी परवानगी लागते, आणि त्यातल्या शस्त्राच्या व्याख्येत बंदुका, धनुष्यबाण, विष आणि फासे यांच्या पंगतीला चाकूही बसवलेला आहे. इंचांचा उल्लेखही नाही. म्हणजे काटेकोरपणे पाहिलं तर भाजीची सुरीदेखील त्याच पंगतीत! आता ती पिशवीच्या तळाशी, नॅपकिनात गुंडाळून निमूट जाते. आपलं शस्त्र मात्र वनरक्षकाला लांबूनच रामराम घालतं.

राहता राहिला कांदा. पण झापात पिठलं-भाकरी आली आणि आपल्या शेजारच्या आजोबांनी कांदा बुक्कीनं फोडला. आपला हात म्यानाकडे गेलेला मी पाहिला. वाईट वाटलं.

सकाळी तंबूचा दोर कापायला मी आपला चाकू मागितला, आठवतं? दोर चेपला, पण कापला गेला नाही. धार जाईल म्हणून आपण तो वापरत नाही, आणि वापरत नाही म्हणून त्याला धारही लावत नाही. जखमा होतात त्या अशाच पात्यानं, कारण बोथट पात्याला जोर लागतो आणि जोर लागला की ते सटकतं. आपण तर दोन मांड्यांच्या मधे काठी धरून तासत होतात. मांडीच्या आतल्या अंगानं केवढी मोठी रक्तवाहिनी जाते, हे लक्षात असू द्या. ती कापली गेली, तर पाचनई उतरून राजूरला दवाखाना गाठेपर्यंत रक्त थांबत नसतं. कोपर गुडघ्यांच्या पुढे टेकवा, आणि पातं अंगापासून दूर चालवा.

धारेसाठी पाण्याचा साधा दगड घ्या. कोरड्या चाकावर ठिणग्या उडवत घासून घेतलंत आणि कड निळी पडली, तर पोलादाचं पाणी उतरलं म्हणून समजा. पावसाळ्यात चाकू चामड्याच्या म्यानात झोपवू नका. चामडं ओल धरतं, म्यानाला बुरशी येते आणि पात्याला गंज. पुसून खोबरेल तेलाचं बोट फिरवलं की पुरे, मग त्याच पात्यानं काकडीही चिरता येते.

घाटाखाली उतराल तेव्हा कोकणातल्या एखाद्या शेतकऱ्याच्या पाठीशी, आकडीत अडकवलेला कोयता जरूर बघा. गावच्या लोहारानं बहुधा ट्रकच्या कमानपाट्यातून काढलेला. पोलादाचं शेपूट लाकडी मुठीत ठोकलेलं, म्हणजे आपल्या कसोटीनं कुचकामीच. मूठ फुटली की शेतकरी नवी बसवतो. काटेरी फांदी पुढच्या वाकड्या चोचीनं ओढून घेतो आणि तोडतो. त्याला फुल टँगबद्दल विचारू नका. कामात असतो.

कळावे, लोभ असावा.

आपला,
शेजारच्या तंबूतला

ता. क. : निघताना आपण झाडाच्या बुंध्यावर चाकू फेकून पाहत होतात. चार वेळा तो मुठीकडून आदळला, हे झाडाचं नशीब. पाचव्या वेळी टोक मोडलं, तर वॉरंटीचा कागद आधी वाचून घ्या. फेकून मोडलेला चाकू सहसा कुणी बदलून देत नाही.