ड्रमवाले तात्या

रानातल्या गोठ्याच्या सावलीला निळा प्लास्टिकचा ड्रम, त्यावर ओलं गोणपाट आणि शेजारी काठी धरून उभा माणूस दिसला की समजावं, हे ड्रमवाले तात्या. नाव गावागणिक वेगळं, ड्रम मात्र सगळीकडे दोनशे लिटरचाच. आत पाण्यात दहा किलो शेण, जवळपास तेवढंच गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि बांधावरची मूठभर माती. सुभाष पाळेकरांचं हे जीवामृत तात्यांना आरतीसारखं पाठ आहे. ते दोन दिवस आंबतं, आणि त्या दोन दिवसांत आलेल्या पाहुण्याला चहाच्या आधी ड्रम दाखवला जातो. काठी घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनेच फिरली पाहिजे. नातवाने उलटी फिरवली, तर डाव्या हाताने नैवेद्य दाखवल्यासारखा तात्यांचा चेहरा होतो. ढवळण्याने आत हवा जाते आणि जिवाणूंना ती हवी असते, एवढं खरं. त्यांच्याकडे घड्याळ नसतं. पण गोठ्यात हे बोलायची सोय नाही. देशी गाय खास ड्रमसाठी पाळलेली. डेअरीला दूध घालणारी जर्सी पलीकडच्या दावणीला, आणि तिच्या शेणाला ड्रमच्या आसपास मज्जाव.

हे खत नव्हे, विरजण आहे, असं तात्या सांगतात. इथे ते शंभर टक्के बरोबर आहेत आणि माझी तक्रारही इथूनच सुरू होते. अख्ख्या ड्रममध्ये नत्र फार तर पाव किलो. युरियाच्या 45 किलोच्या गोणीत ते वीस किलोंच्या वर असतं. एकराला एक ड्रम सोडून पिकाचं पोट भरणार नाही, म्हणूनच त्याला विरजण म्हणायचं. पण विरजण लावायला पातेल्यात दूध लागतं. मातीतलं दूध म्हणजे पालापाचोळा, शेणखत, सेंद्रिय कर्ब. आणि तात्या तर ऊस तुटून गेला की एकरी तीन-चार टन पाचट एका काडीने मोकळं करतात! मग त्या राखेवर जीवामृत. रिकाम्या पातेल्याला विरजण लावून दह्याची वाट बघणं याहून निराळं काय असतं?

यावर तात्यांचा सवाल ठरलेला: ‘‘मग माझा ऊस हिरवागार कसा?’’ सवाल रास्त आहे. पण पूर्वी आठवड्यातून एकदा रानात डोकावणारे तात्या आता ढवळायला दिवसातून दोनदा येतात. येता-जाता कीड दिसते, तुंबलेली ठिबकची नळी दिसते. (ती तुंबते बेसनाच्या गाठींनीच. जुन्या लुगड्यातून गाळायचा कंटाळा केला की दुसरं काय होणार!) शिवाय सगळ्याच रानाला जीवामृत सोडल्यावर, त्याच्याविना ऊस कसा आला असता हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही. असं बोलणारा रसायनवाल्यांचा दलाल, हाही एक आरोप असतो. तीनेकशे रुपयांच्या गूळ-बेसनात जो नाद माणसाला रोज रानात आणतो, त्याला मी कशाला नावं ठेवू? दुकानातल्या चकचकीत बाटल्या महाग पडतात आणि त्यांनी एवढंही होत नाही.

तेव्हा तात्या, ड्रम चालू ठेवा, काठी हवी तशी फिरवा. यंदा फक्त काडेपेटी घरी ठेवून पाचट सरीत दाबा आणि चार सऱ्या जीवामृताविना सोडा. तोडणीला त्यांचं वजन वेगळं करा. ते होईपर्यंत पाहुण्याला आधी चहा द्या.