रिव्होकराव

रिव्होकरावांचं खरं नाव सोसायटीच्या पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. हयात बँकेच्या ऑडिट विभागात गेली. निवृत्तीनंतर लोक भजनी मंडळात जातात, नर्मदा परिक्रमेला निघतात. हे ब्लॉकचेनमध्ये गेले. तेही झटपट श्रीमंतीसाठी नव्हे. क्रिप्टोच्या नफ्यावर सरसकट ३० टक्के कर आहे हे कळल्यावर त्यांची ती वासना जागच्या जागी मेली. त्यांना हवा असतो डेटा. हवामानाच्या नोंदी, बाजारभाव, अशा माहितीची वर्गणी तिकडे टोकनमध्ये भरता येते. वर्गणी आली की वसुली आली, आणि वसुली म्हटलं की ऑडिटर झोपेतूनही उठून बसतो.

इथेरियम या ब्लॉकचेनवरच्या बहुतेक टोकनांचे नियम २०१५ साली फॅबियन फोगेलस्टेलर आणि व्हिटॅलिक ब्युटेरिन यांनी मांडलेल्या ईआरसी-२० मसुद्यातून आलेले. त्या नियमांनुसार वर्गणी घेणारं कॉन्ट्रॅक्ट, म्हणजे ब्लॉकचेनवरचा आपोआप चालणारा प्रोग्रॅम, तुमच्या टोकनांना आपणहून हात लावू शकत नाही. आधी तुम्ही ‘अप्रूव्ह’ करायचं, की अमक्याने माझी इतकी टोकनं उचलावीत. मग तो महिन्याच्या महिन्याला उचलतो. सगळी गोम त्या ‘इतकी’मध्ये आहे. दर वेळी मंजुरी द्यायची तर दर वेळी गॅस, म्हणजे नेटवर्कचं शुल्क, भरावं लागतं. ती कटकट नको म्हणून पुष्कळ साइट्स पहिल्याच फटक्यात अमर्याद मंजुरी मागतात. आणि लोक देतात. कोथिंबिरीच्या जुडीवरून भाजीवालीशी हुज्जत घालणारे लोक डोळे मिटून देतात.

“भटाला दिली ओसरी,” एवढंच म्हणून रिव्होकराव थांबतात. पुढचं आपण ओळखायचं.

एका संध्याकाळी ते बाल्कनीत लॅपटॉपच्या पडद्यावर बोट ठेवून मोठ्याने “एफ, एफ, एफ” असं मोजत होते. मंजुरीचा कच्चा तपशील उघडला की अमर्याद रक्कम तिथे सलग ६४ एफ अशी दिसते. आपल्या नेहमीच्या आकड्यांत लिहिली तर ७८ अंकी भरते. आतून काकूंनी विचारलं, “अहो, कुणाचा एवढा निकाल लागलाय?”

“तुमच्या भाच्याचा.”

भाचा हिंजवडीत नोकरीला, त्यामुळे त्याला सगळं येतं. त्याने कुठल्याशा डेटा-फीडची वर्गणी महिनाभर घेतली, कंटाळा आला, सोडून दिली. मंजुरी मात्र तशीच उघडी. “काका, साइट डिस्कनेक्ट केली होती मी,” तो म्हणाला. रिव्होकरावांनी चष्मा कपाळावर चढवला. “डिस्कनेक्ट केलंस म्हणजे तू दुकानातून बाहेर आलास. सही केलेला कोरा चेक गल्ल्यातच राहिलाय.” मग त्याला शेजारी बसवून मंजुरी ‘रिव्होक’ करायला, म्हणजे शून्यावर आणायला लावली. त्यालाही गॅस लागतो, आणि तो इथेरियमच्या चलनात, ईथरमध्येच. भाच्याच्या वॉलेटमध्ये ईथर औषधालाही नव्हतं. ते काकांनी दिलं. वहीत उसनवारीची नोंद झाली.

ही वही पाहण्यासारखी आहे. लाल पुठ्ठ्याची, बँकेतल्या सवयीने आखलेली: कुणाला, किती, गॅस, कधी, रद्द केव्हा, आणि शेवटी ‘शेरा’. रविवारी पोहे झाले की इथरस्कॅनवरची मंजुऱ्यांची यादी आणि वही शेजारी ठेवून मेळ घालायचा. कॉन्ट्रॅक्टचा पत्ता सुरुवातीची आणि शेवटची चार अक्षरं बघून लोक पटवतात. हे सगळी चाळीस पट्टी ठेवून जुळवतात. मंजुरी एका महिन्याच्या वर्गणीइतकीच, वर एक दमडी नाही. इथेरियमवरच्या यूएसडीटी या टोकनाची एक अट आहे, की जुनी मंजुरी शिल्लक असेल तर आधी शून्य करा, मगच नवा आकडा टाका. नाहीतर मधल्या फटीत समोरचा जुनीही रक्कम उचलेल आणि नवीही, ही त्यामागची भीती. रिव्होकरावांनी ही अट सगळ्याच टोकनांना लावली. सोवळंच ते, एकाला पाळायचं आणि दुसऱ्याला नाही असं कसं चालेल?

परिणामी वहीतला गॅसचा रकाना वर्गणीच्या रकान्याला केव्हाच मागे टाकून गेला आहे. मी हे नम्रपणे दाखवून दिलं, तर म्हणाले, “ऑडिटची फी घोटाळ्याच्या रकमेवरून ठरते होय?” आणि बॅजरडाओ या क्रिप्टो प्रकल्पाचं प्रकरण सांगायला बसले. डिसेंबर २०२१. कॉन्ट्रॅक्ट शाबूत, बिघडवली होती फक्त वेबसाइट. लोकांनी नेहमीसारखी बटणं दाबली आणि मंजुरी भलत्याच पत्त्याला गेली. सुमारे १२ कोटी डॉलर गेले. यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माणूस चुकीचा नाहीच. तो फक्त दमवतो.

यूपीआय ऑटोपेबद्दल मात्र ते आदराने बोलतात. मर्यादा ठरलेली, पैसे कापण्याआधी किमान चोवीस तास निरोप. “कॉन्ट्रॅक्ट निरोप धाडत नाही,” हे वाक्य ते घरातल्या माणसाने दगा दिल्यासारखं उच्चारतात.

गेल्या पावसाळ्यात दोघं अक्कलकोटला गेली. महिन्याची मंजुरी संपली, नवी द्यायची राहिली, वसुलीचा व्यवहार बारगळला आणि पावसाच्या आकड्यांचं फीड बंद पडलं. नेमका त्याच आठवड्यात खडकवासला धरणातून विसर्ग वाढवलेला. परतल्यावर भिडे पूल पाण्याखाली गेल्याचं त्यांना दूधवाल्याने सांगितलं. वहीत शेरा पडला: ‘वर्गणीदाराची हयगय’. स्वतःविरुद्ध, लाल शाईत.

परवा काकूंनी मोबाइलचं बिल पुढे केलं. दर महिन्याला कॉलर ट्यूनचे पैसे कापले जात होते, काही वर्षं. रिव्होकराव ताडकन उठले. मंजुरी कुणी दिली, कधी दिली, मर्यादा किती? उत्तर मिळालं की खुद्द रिव्होकरावांनीच, गणपतीत, फोनवर एक दाबा म्हणाले तेव्हा एक दाबून. त्यांनी वही उघडली, पेनाचं टोपण काढलं.

“आधी ऐका,” काकू म्हणाल्या. “तुम्ही फोन उचलायला वेळ लावता, तोवर माझ्या माहेरची माणसं ती आरती ऐकत असतात. ती बंद नाही करायची.”

टोपण पुन्हा लागलं. ‘रद्द केव्हा’ या रकान्यात त्यांनी आडवी रेघ ओढली.