न्यायाधीशांना शाळा, वकिलांना नुसती सनद

वीटभट्टीवरून पळालेला कातकरी वकिलापर्यंत पोहोचायच्या आत मालक पोहोचलेला असतो. ‘बयाणा घेतला आणि पळाला’, एवढीच तक्रार. कलम फसवणुकीचं. मग नवरा-बायकोला पाड्यावरून आणलं जातं आणि एखादा वकील, अगदी भल्या मनाने, मध्ये पडून मार्ग काढतो : थोडे आत्ता दे, उरलेले पुढच्या हंगामात काम करून फेड. मालक खूश, पोलीस मोकळे, मजूर पुन्हा भट्टीवर.

हा ‘मार्ग’च गुन्हा आहे. वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा 1976 चा आहे. त्याच्या कलम 6 ने वेठीचं कर्ज फेडायची जबाबदारीच संपवली आहे. कलम 9 नुसार अशा संपलेल्या कर्जापोटी पैसे घेणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. आणि कर्ज वेठीचं आहे असं मजुराने म्हटलं, की ते तसं नाही हे दाखवायचं ओझं सावकारावर जातं. ते कलम 15. म्हणजे तडजोडीच्या ज्या कागदावर वकिलाने मजुराचा अंगठा घेतला, तो कागद मालकाविरुद्धचा पुरावा होता. वकील वाईट नव्हता. त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.

वसईच्या बारमध्ये मानवी हक्क म्हटलं की 10 डिसेंबर आठवतो. शाल, श्रीफळ, संयुक्त राष्ट्रांच्या जाहीरनाम्यावर एक भाषण, चहा. या एका दिवसाच्या सोहळ्याला प्रशिक्षण म्हणू नये. प्रशिक्षण म्हणजे भट्टीवरची वही वाचता येणं.

ती वही हातात घेऊन बघा. वर नवऱ्याचं नाव. त्याखाली बयाण्याची रक्कम. मग आठवड्याच्या आठवड्याला दिलेली खर्ची, मध्येच औषधाचे पैसे, कुठे खाडा. हजार विटांमागचा दर एका कोपऱ्यात. माती कालवणाऱ्या बायकोचं नाव कुठेच नाही. विटा उलटणाऱ्या पोराचं तर नाहीच. आता पाडलेल्या विटांना दराने गुणा, राबलेल्या माणसांनी आणि दिवसांनी भागा, आणि येणारा आकडा किमान वेतनाशेजारी ठेवा. तो कमी भरला, तर ही नुसती थकलेली मजुरी राहत नाही. किमान वेतनाहून कमी दिलेलं काम ही राज्यघटनेच्या कलम 23 खालची सक्तीची मजुरी आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये दिल्लीतल्या एशियाड बांधकामांच्या प्रकरणात सांगून ठेवलं आहे. एका भागाकारात मूलभूत हक्काचा भंग सिद्ध व्हायला लागतो. पण हा भागाकार मांडायला वकील लागतो, आणि तो मांडायचा असतो हे त्याला ठाऊक असावं लागतं.

खाडीपलीकडे उत्तनला महाराष्ट्र न्यायिक अकादमी आहे. राज्यभरचे न्यायाधीश तिथे शिकायला येतात, आणि ते योग्यच आहे. पण न्यायाधीशासमोर जो मुद्दा मांडायचा, तो मांडणाऱ्याने कुठे शिकायचं? सनद एकदा हातात पडली की पुढची चाळीस वर्षं काही नवं शिकायची सक्ती वकिलावर नाही. दरम्यान 1 जुलै 2024 पासून तिन्ही फौजदारी कायदे बदलले. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात सांगितलं, की अटकेची कारणं आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची, आणि रिमांडसाठी हजर करण्यापूर्वी किमान दोन तास आधी द्यायची. नालासोपाऱ्यातून उचललेल्या परप्रांतीय पोराच्या रिमांडला उभ्या राहणाऱ्या वकिलाने पहिला प्रश्न हाच विचारायला हवा : कागद दिला का, कोणत्या भाषेत, किती वाजता?

आपल्या जिल्ह्याला कायदा जाणून वेठीशी लढायची सवय नाही असं कुणी म्हणू नये. गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर होत्या. 23 मे 1945 ला तलासरीजवळच्या झरी गावात वारली जमले आणि वेठ करणार नाही असं त्यांनी ठरवलं, त्यामागे गोदावरीबाई आणि किसान सभा होती. लग्नासाठी काढलेल्या कर्जापोटी जन्मभर राबणाऱ्या लग्नगड्याची सुटका तिथून सुरू झाली. पुढे 1980 च्या दशकात वसई तालुक्यातल्या दहिसरमधून विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या श्रमजीवी संघटनेने वेठबिगार सोडवले. विवेक पंडितांना 1999 मध्ये ‘अँटी-स्लेव्हरी इंटरनॅशनल’चा पुरस्कार मिळाला. कायद्याची कलमं कार्यकर्त्यांनी पाठ केली, आदिवासी बायांना समजावली आणि तहसीलदारांपुढे मांडली. काळा कोट घालणाऱ्यांनी हे बघून संकोचायला हवं होतं.

म्हणून मागणी सरळ आहे. दिवाळीनंतर भट्ट्या पेटतात, त्याआधी तालुका विधी सेवा समितीने वसईच्या बारमध्ये चार शनिवार घ्यावेत. शिकवायला प्राध्यापक कमी बोलवा. सुटून आलेली एखादी कातकरी बाई बोलवा. वहीतला कोणता आकडा खोटा असतो हे तिला पाठ असतं. दुसऱ्या शनिवारी प्रांताधिकाऱ्यांकडे मुक्ती प्रमाणपत्राचा अर्ज कसा करायचा ते हाताने लिहून घ्या, कारण पुनर्वसनाची वाट त्या प्रमाणपत्रातून जाते. राज्य मानवी हक्क आयोगाकडे घटनेपासून वर्षाच्या आत जायचं असतं, हेही सांगा. हंगाम संपेपर्यंत वाट पाहिली, की त्यातले निम्मे महिने गेलेले असतात. आणि 1987 च्या विधी सेवा कायद्याचं कलम 12 पहिल्याच तासाला वाचा : आदिवासीला, स्त्रीला, कोठडीतल्या माणसाला, वेठबिगारीच्या बळीला फुकट वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाचा दाखला मागायचा नाही.

विधी सेवेच्या यादीवर नाव हवं असलेल्या प्रत्येक वकिलाला हे चारही शनिवार सक्तीचे करा. शेवटच्या शनिवारी परीक्षा घ्या. प्रश्नपत्रिकेत एकच प्रश्न द्या : ही भट्टीची वही, हा मालकाचा फसवणुकीचा अर्ज, मजूर बाहेर बाकावर बसला आहे. उत्तरात ‘तडजोड’ लिहिणाऱ्याला पुढच्या वर्षी परत बसवा.