बेमालूम

माझ्या काळ्या लोकरी कोटाच्या उजव्या बाहीला कसरीने पाडलेले वाटाण्याएवढे भोक ज्या रफूगराने बुजवले, त्याने काम हाती घेतानाच "बेमालूम करून देतो, साहेब" असे आश्वासन दिले होते, आणि त्या क्षणापासून हा शब्द माझ्या मनःशांतीच्या मुळावर उठला.

शब्द तसा खानदानी. अरबी 'इल्म'च्या घराण्यातला 'मालूम' आणि त्याच्या दारात नकाराची काठी घेऊन उभा असलेला फारसी 'बे'. शिवछत्रपतींच्या आज्ञेवरून रघुनाथपंडितांनी 'राज्यव्यवहारकोश' सिद्ध करून सुमारे १४०० शब्दांना संस्कृत पर्याय दिले खरे. परंतु दप्तरातून बडतर्फ झालेले कित्येक शब्द मागल्या दाराने मराठीत असे काही मिसळून गेले, की ते कसे मिसळले हे सांगायलाही त्यांच्याच जातकुळीतला हा शब्द वापरावा लागतो.

लबाडीची क्रियाविशेषणे आपल्याकडे उदंड आहेत, आणि त्यांतली निवड मी दुधाच्या फडताळापाशीच शिकलो. कडी काढायची ती 'हळूच'. पातेल्याच्या काठाने बोट फिरवून साय उचलायची आणि उरलेली ओढून पसरायची ती 'बेमालूम'. आणि आजीने हाक मारताच मांजराकडे पाहायचे ते 'साळसूदपणे'. मार बसला तो नेहमी या शेवटच्यापायी.

'बेमालूम'मध्ये मात्र एक तर्कदुष्ट खोड आहे. गवळ्याने दुधात बेमालूम पाणी घातले, असे जो म्हणतो त्याला ते मालूम झालेलेच असते. आणि ज्याला खरोखरीच मालूम झालेले नसते, तो दूध पिऊन तृप्तीने मिशा पुसतो, हा शब्द उच्चारण्याचा प्रसंगच त्याच्यावर येत नाही. म्हणजे जी लबाडी नावाला पुरेपूर लायक, तिला ते नाव द्यायला साक्षीदारच मिळू नये!

रफूगराने कोटाच्याच आतल्या शिवणीत दडलेल्या कापडातून धागे उपसले आणि केसाएवढ्या सुईने ते उभ्याआडव्या सुतांतून एक वर, एक खाली असे ओवीत मूळची वीण जशीच्या तशी उभी केली. बोट फिरवले तरी गाठ लागेना. मी दाम मोजून बाहेर पडलो आणि चार दिवसांत ध्यानात आले, की ज्या कारागिरीसाठी पैसे मोजले तिच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. तेव्हापासून मी भेटेल त्याच्यापुढे बाही नाचवू लागलो. "येथे भोक होते, दिसते का पाहा बरे!" लोक सौजन्याने नाही म्हणत, आणि मी कृतार्थ होई.

अखेरीस गाठ पडली ती एका पेन्शनर शिरस्तेदारांशी. बनावट दस्तऐवज हुडकण्यात हयात गेलेली, त्यांनी चष्मा पुसला, बाही दिव्याखाली धरली, नखाने दोनदा खरवडली आणि निकाल दिला, "रफू आहे, पण कच्चा. हा पाहा, स्पष्ट दिसतो!"

मी खिन्न मनाने घरी आलो, कोट काढून खुंटीला अडकवला आणि रफूगराच्या सात पिढ्यांचा उद्धार करीत सगळी हकीकत सौभाग्यवतींच्या कानी घातली. हातातले निवडणे तसेच ठेवून त्या म्हणाल्या, "अहो, भोक उजव्या बाहीला होतं. तुम्ही आल्यागेल्यापुढे डावी का नाचवता?"