बारा कोटींचा खळगा
धुण्याच्या पावडरीतलं एन्झाइम सुधारायचं, तर त्याचे हजारो बदललेले नमुने ९६ खळग्यांच्या प्लेटांत तपासावे लागतात. या पद्धतीसाठी, म्हणजे निर्देशित उत्क्रांतीसाठी, फ्रान्सिस अरनॉल्ड यांना २०१८ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रयोगशाळेतल्या नोंदी मात्र ‘फायनल_खरंच_फायनल’ नावाच्या एक्सेल फाइलीत. तिथे बाराव्या प्लेटच्या ‘ई’ ओळीतला सातवा खळगा ‘12E7’ असा टंकला, की एक्सेल ‘E’ला दहाचा घात समजून त्याचे थेट बारा कोटी करून टाकतं. एवढं उत्पादन फर्मेंटरवाल्यांनाही कधी साधलं नाही!

मग महागडं सॉफ्टवेअर येतं. खळग्यापासून टाकीपर्यंत प्रत्येक नमुन्याची बारकोडसकट वंशावळ. प्रशिक्षण होतं, समोसे होतात. सोमवारी सगळा विभाग त्यात एकच बटण शोधत असतो: ‘एक्सेलमध्ये उतरवा’.